रोहयोच्या मजुराला शिकवायचं कुणी?

डिसेंबर २०२१मध्ये तीर्थपुरीत नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली आणि जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव सरकारदरबारी शहर ठरलं. शेतं तीच राहिली, ऊस तोच, दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन फडावर जाणाऱ्या टोळ्याही त्याच. पण केंद्राचा रोजगार हमीचा कायदा ग्रामीण भागापुरता. बचत गटांचं 'उमेद' अभियानही ग्रामीण. शहरी उपजीविकेचं अभियान वेगळं, त्याचं कार्यालय वेगळं, प्रशिक्षणाचे वर्गही वेगळे. गावातली मजूर बाई जिथं होती तिथंच आहे. तिला काम कुणी द्यायचं आणि शिकवायचं कुणी, एवढंच बदललं.

मदतीवर असलेल्या माणसाच्या हाताला कामाबरोबर थोडी विद्याही द्यावी, म्हणजे पुढच्या दुष्काळात त्याला पुन्हा खडी फोडायला यावं लागणार नाही, ही कल्पना महाराष्ट्रात सव्वाशे वर्षं जुनी आहे. ती कुठून आली आणि वाटेत कुठं कुठं अडली, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात दुष्काळी कामांपासून. तीर्थपुरी तेव्हा निजामाच्या मुलखात. शेजारी इंग्रजांचा मुंबई इलाखा. १८७६ ते ७८च्या दुष्काळात इलाख्यात रस्ते आणि तलाव काढले गेले. इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली, की दिवसभराच्या कामावर जेमतेम एक पौंड धान्याचा आधार उरला. मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. त्यानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला आणि दुष्काळ संहिता आल्या. या साऱ्या विचारात काम ही एक परीक्षा होती: जो खरंच उपाशी आहे तोच एवढ्या मजुरीवर एवढं कष्टाचं काम करील. परीक्षा म्हणून दिलेल्या कामात माणूस काही शिकेल, अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. एक अपवाद मात्र महत्त्वाचा. पुढच्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यात मदत देण्याची वाट काढली गेली. कारण उघड होतं. मागावर बसणारा हात वर्षभर दगडावर चालला, तर तो मागाच्या उपयोगाचा राहत नाही. हातात असलेलं कसब दुष्काळात मरू देऊ नये, एवढं सरकारला त्या वेळी पटलं होतं.

नसलेलं कसब हातात घालण्याचं धाडस केलं ते एका बाईनं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी विधवा आणि मुली घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात आणखी आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आणि तो वाद खोटा नव्हता. पण शिक्षणाच्या अंगानं पाहिलं तर केडगावात जे घडलं त्याला तोड नाही. अन्न, निवारा, अक्षरओळख आणि धंदा, सगळं एकाच कुंपणाच्या आत. मुली विणायला शिकल्या, शिवायला शिकल्या, शेती आणि गुरं सांभाळायला शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४मध्ये, याच छापखान्यातून बाहेर पडलं. दुष्काळाच्या पोटातून आलेल्या बायकांनी एक अख्खा ग्रंथ उभा केला. मदत घेणाऱ्याला आधी पोटभर जेवू घाला, मग शिकवा, आणि शिकत असताना जेवण बंद करू नका, हा क्रम रमाबाईंनी पाळला. पुढच्या कित्येक योजना नेमक्या याच ठिकाणी घसरल्या.

याच वंशातली दुसरी शाखा साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या पोराला 'कमवा आणि शिका' हा मार्ग दिला. तो पोरांसाठी होता. त्यांच्या आईबापांसाठी नव्हता. आईबाप मजुरीवरच राहिले.

१९६५मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, एक प्रयोग मांडला: गावात जो काम मागील त्याला काम द्यायचं. रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, तिथून निघाली. १९७२ उजाडलं, दुष्काळ पडला आणि प्रयोगाला अख्ख्या राज्याचं मैदान मिळालं. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांजवळ बहात्तरचा विषय काढला की ती सुखडीचं बोलतात, लाल मिलोच्या भाकरीचं बोलतात आणि खडीचं बोलतात. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

खडी फोडण्याचं काम जवळून पाहावं असं आहे. बायका जुन्या टायरचं किंवा दोराचं कडं करायच्या, दगड त्यात धरायच्या आणि हातोडीनं ठराविक आकाराचे तुकडे पाडायच्या. ढीग झाला की त्याचं माप घ्यायचं. माप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. मजुरी मापावर, माप वहीत, आणि वही वाचता येणारा माणूस कामावर एकच, तो म्हणजे मुकादम किंवा कारकून. दिवसभर घाव घालणाऱ्या बाईला आपला ढीग किती ब्रास भरला आणि वहीत किती लिहिला गेला, हे पडताळता येत नव्हतं. त्या कामावर पहिलं प्रशिक्षण द्यायला हवं होतं ते हेच: हजेरीपत्रक वाचणं आणि लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार. राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेनं नव्वदच्या दशकात नेमकं हेच मागितलं. मस्टर आम्हाला दाखवा, गावासमोर वाचा. त्या मागणीतूनच पुढे माहितीचा अधिकार आला. हजेरीच्या वहीतली अक्षरं मजुरासाठी किती मोलाची असतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा, त्यात राज्यानं भर घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, ही व्यवस्था जगात त्या वेळी फार थोड्या ठिकाणी असेल. बाईला आणि पुरुषाला मजुरी सारखी. कामावर पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर, सगळं नियमात. त्या कायद्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यानं हमी दिली ती अंगमेहनतीच्या अकुशल कामाची, आणि ते बंधन पुढे केंद्राच्या २००५च्या कायद्यातही आलं. खर्चातला ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर, ४० टक्के कुशल मजुरीवर आणि साहित्यावर, असं प्रमाणच बांधलं गेलं. हेतू चांगला होता. पैसा ठेकेदाराच्या यंत्रात जाऊ नये, मजुराच्या हातात पडावा. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की वीस वर्षं बांधबंदिस्ती केलेला माणूस एकविसाव्या वर्षीही कागदावर तेवढाच अकुशल.

राज्याचा कायदा अंमलात आला त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७९ला, केंद्रानं 'ट्रायसेम' सुरू केलं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या १८ ते ३५ वयाच्या तरुणांना स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण, त्या काळात विद्यावेतन, नंतर अवजारं आणि बँकेचं कर्ज. एका वर्षात हमीचा कायदा अंमलात आला आणि प्रशिक्षणाची योजनाही आली, पण दोघांची गाठ पडली नाही. रोहयो कलेक्टर कचेरीकडून चाले, ट्रायसेम पंचायत समितीकडून. एका खात्याच्या यादीत तळ्यावर माती वाहणारे, दुसऱ्या खात्याच्या यादीत शिलाईच्या वर्गाला बसणारे. तळ्यावरच्या बाईला वर्गाला जायचं तर मजुरी बुडवून जावं लागे, आणि विद्यावेतन वेळेवर हातात पडेल याचा भरवसा नसे. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण तो धंदा करतच नाहीत, हे पाहण्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आलं. गावात शिलाई यंत्रं दहा झाली आणि कपडे शिवून घेणारे तेवढेच राहिले, तर दुसरं काय होणार? १९९९मध्ये ट्रायसेम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विरलं, २०११मध्ये ती योजना ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला मिळाली आणि महाराष्ट्रात 'उमेद' आली. नावं बदलत गेली. काम आणि प्रशिक्षण यांच्या दोन रांगा मात्र दोनच राहिल्या.

हा पेच आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत १९८८च्या कायद्यानं मदत घेणाऱ्या आयांच्या शिक्षणावर भर दिला. १९९६मध्ये वारं फिरलं: आधी काम, शिक्षण नंतर. धंदेशिक्षणाचे बारा महिनेच तेवढे कामात मोजायचे, पुढचे नाहीत. श्रीमंत देशालाही मदत घेणाऱ्या बाईच्या शिकण्याचा वेळ महाग वाटला.

दोन रांगा जोडण्याचा खरा प्रयत्न झाला तो २०१९च्या शेवटी आलेल्या 'उन्नती' प्रकल्पात. ज्या कुटुंबानं रोहयोवर शंभर दिवस पुरे केले, त्यातल्या १८ ते ४५ वयाच्या एकानं प्रशिक्षण घ्यायचं, आणि त्या दिवसांचा भत्ता राज्याच्या रोहयो मजुरीच्या दरानं. केडगावचा क्रम सरकारी कागदावर उमटायला एकशे वीस वर्षं लागली. देशभरात दोन लाख मजूर शिकवायचं ठरलं होतं. मध्ये करोना आला, आणि ठरलेल्या मुदतीत तो आकडा गाठता आला नाही.

करोना हे कारण खरंच, पण तीर्थपुरीच्या भोवतालच्या गावांत दुसरं कारण जास्त खोल आहे. शंभर दिवस पुरे करायला माणूस गावात हवा. इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात आणि पाच-सहा महिने फडावर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. रोहयोची कामं निघतात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, आणि हिवाळाभर हे लोक गावातच नसतात. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, तोच शंभर दिवसांच्या अटीत बसत नाही. त्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा निघाल्या. २०२१पासून जालन्यासह दहा जिल्ह्यांत संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं मंजूर झाली. चांगलं झालं. पण आईबापांच्या शिकण्याचं अजून कुणी बोलत नाही. वर्ग घ्यायचाच तर तो पावसाळ्यात हवा. पेरणी उरकल्यानंतर उचल हातात पडेपर्यंतचे दोन-अडीच महिने माणूस गावात असतो, आणि उचल घेण्याआधी त्याला दुसरी वाट दिसायला हवी.

या सगळ्यात जालना जिल्ह्यानं एक गोष्ट करून दाखवली, आणि तिच्यापाशी थांबायला हवं. ती म्हणजे रेशीम. रोहयोतून एक एकर तुतीची लागवड आणि कीटक संगोपनाची शेड घेता येते. जॉबकार्ड असलेलं कुटुंब आपल्याच रानात राबतं आणि तीन वर्षांत मिळून जवळपास ९०० मनुष्यदिवसांची मजुरी मिळते. म्हणजे शिकण्याचा काळ मजुरीनं भरून निघतो. २०१८मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे.

रेशमाची विद्या वर्गात बसून येत नाही. अंडीपुंजातून निघालेली बारीक अळी, तिला कोवळा पाला चिरून घालायचा. चार वेळा ती कात टाकते. कातेच्या वेळी पाला बंद, चुना भुरभुरायचा, शेडमध्ये हवा खेळती ठेवायची. एक फांदी ओली गेली तरी रोग शिरतो. चोवीस-पंचवीस दिवसांनी अळी खाणं सोडते, अंग पिवळसर, पारदर्शक होतं, डोकं वर उचलून ती हलवायला लागते. तेव्हाच चंद्रिका, म्हणजे कोष विणायची जाळी, टाकायची. लवकर टाकली तर कोष हलका, उशीर झाला तर रेशीम वाया. दोन-चार बॅचेस हाताखालून गेलेली बाई शेडच्या दारातूनच सांगते, आज टाका की उद्या. माती वाहणाऱ्या हाताला रोहयोच्याच पैशातून आलेलं हे कसब आहे. फार थोड्या योजनांनी एवढं केलं.

उणीव एकच, पण मोठी. एकर जमीन नसेल तर यात नाव लागत नाही. भूमिहीन बाया याच शेडमध्ये रोजानं येतात, पाला तोडतात, अळ्या विरळ करतात, चंद्रिका टाकतात, कोष वेचतात. सारं येतं त्यांना. 'आधी मिळवलेल्या कौशल्याची ओळख' या नावानं कौशल्य विकास योजनेत सोय आहे. ज्याला काम येतं त्याची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. ही परीक्षा घनसावंगी, अंबड तालुक्यांतल्या रेशीम शेडच्या दारात घ्यावी, जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी, त्या दिवसाची मजुरी देऊन घ्यावी, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या बायांचा गट करून त्याला रेशीम कार्यालयानं गावोगावी शिकवणाऱ्या म्हणून मानधनावर नेमावं. तीर्थपुरीच्या बाया तेव्हा नगरपंचायतीच्या हद्दीत येतात म्हणून त्या यादीतून गळू नयेत, हे पाहणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे.