आत्महत्या-प्रतिबंध, शालेय (नवी मुंबई)

शालेय वयातील मुलामुलींच्या मनातील आत्मघाताचे विचार वेळीच ओळखून त्यांना आधार देण्याचे संघटित प्रयत्न. नवी मुंबईत हा विषय मुख्यतः दोन ठिकाणांशी निगडित आहे : कोपरखैरणे येथील ‘आसरा’ हे साहाय्यकेंद्र आणि वाशी येथील राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय.

संकटग्रस्ताचे म्हणणे दूरध्वनीवरून ऐकून घेण्याची पद्धत चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये लंडनला ‘समॅरिटन्स’ ही संस्था काढून रूढ केली. १९९८ मध्ये स्थापन झालेली आसरा ही त्याच परंपरेतील होय. येथे स्वयंसेवक उपदेश करीत नाहीत; ते ऐकतात व बोलणे गुप्त राखतात. या गुप्ततेचे महत्त्व त्या काळच्या कायद्यावरून कळते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले; परंतु १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरले. ज्या मुलाला मदत हवी तोच कायद्याने आरोपी, अशी ही विपरीत स्थिती होती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने (२०१७) अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे सर्वसाधारण कलम नाही.

परीक्षापद्धतीतही बदल झाले. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांना पूर्वी ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून जुलैत फेरपरीक्षा होऊ लागली. भित्तिपत्रके व व्याख्याने यांपेक्षा हा बदल अधिक मोलाचा मानावा लागेल. कारण त्याने निकालाच्या दिवशीच पुढची वाट मोकळी ठेवली. अर्थात परीक्षा हे एकमेव कारण नव्हे. घरातील कलह, छळ, एकाकीपणा, नैराश्य ही कारणे बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात.

जागृतीचे सर्वच प्रकार सारखे परिणामकारक नसतात. यूरोपातील दहा देशांतील १६८ शाळांच्या पाहणीत (२०१५) केवळ शिक्षकांना प्रशिक्षण देऊन लक्षणीय फरक पडला नाही; मात्र मुलांनी स्वतः चर्चा व भूमिकाभिनय केलेल्या शाळांत आत्महत्येचे प्रयत्न जवळजवळ निम्म्याने घटले. या विषयावर बोलल्याने मुलांच्या मनात तो विचार येतो, ही भीती निराधार आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. पैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमणे बंधनकारक केले. लहान शाळांनी बाहेरील तज्ञांशी कायम संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क व अहोरात्र, मराठीतूनही मिळते.