चित्रांच्या कमाईतून घेतलेली जमीन

कर्जाचा अर्ज भरताना ‘जमीन कोणाच्या नावावर?’ हा रकाना आला की आपल्यातल्या कितीतरी जणींचं पेन तिथंच थांबतं. म्हणून आज एका इंग्लंडच्या बाईची गोष्ट सांगते. तिनं लहान मुलांसाठी चित्रं काढली आणि त्या कमाईतून स्वतःच्या नावावर शेत घेतलं. तिचं नाव बिआट्रिक्स पॉटर.

ती १८६६ साली लंडनमध्ये जन्मली. घर श्रीमंत, पण मुलीला शाळेत घातलं नाही. शिकवायला बाई घरी येत. ससे, उंदीर पाळायचे आणि त्यांना निरखून चित्रं काढायची, हाच तिचा विरंगुळा. पुढे तिनं अळंब्यांचा अभ्यास केला, त्यांची शेकडो चित्रं काढली. १८९७ साली लिनिअन सोसायटी या शास्त्रज्ञांच्या सभेत तिचा निबंध मांडला गेला. पण त्या सभेला बायकांना बसू देत नसत. तिच्या वतीनं तो एका पुरुषानं मांडला.

दुसरी वाट मात्र एका पत्रातून निघाली. १८९३ साली तिच्या जुन्या शिक्षिकेचा मुलगा आजारी होता. त्याचं मन रमावं म्हणून तिनं पत्रात पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट चित्रं काढून लिहिली. पुढे त्याच गोष्टीचं पुस्तक करायला घेतलं, तर प्रकाशक एकामागून एक नाही म्हणाले. तिला पुस्तक छोटंसं हवं होतं, मुलाच्या इवल्या हातात मावेल आणि फार महाग पडणार नाही असं. ती अडून बसली नाही. १९०१ साली स्वतःचे पैसे घालून तिनं २५० प्रती छापल्या. त्या खपल्या, आणि १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनानं तेच पुस्तक रंगीत चित्रांसह काढलं.

तिच्या चित्रातला ससा अंगात कोट घालतो, पण त्याचे कान, पाय, बसणं सगळं खऱ्या सशाचं. इतक्या वर्षांचं निरखणं तिथं कामी आलं.

व्यवहारातही ती पक्की होती. अमेरिकेत पुस्तकाच्या हक्काची नोंदणी राहून गेली होती, आणि तिथं लोकांनी बिनदिक्कत नकला छापल्या. १९०३ साली तिनं पीटरची कापडी बाहुली केली, तेव्हा तिची नोंदणी मात्र लगेच करून घेतली.

१९०५ साली तिचं लग्न ठरलं होतं, पण महिनाभरातच तो माणूस वारला. त्याच वर्षी पुस्तकांचे पैसे आणि नात्यातून आलेला थोडा वारसा घालून तिनं उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात हिल टॉप हे शेत विकत घेतलं. पुढे एकेक शेत जोडत गेली. नजर कमी झाली, चित्रं मागे पडली, तेव्हा तिनं तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या जोपासल्या. १९४३ साली ती वारली, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन तिनं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन ठेवली होती. ती जमीन आजही राखलेली आहे.

मैत्रिणींनो, गोधडी, पापड, मसाले, कोंबड्या यांतून आपणही कमावतो. तो पैसा घरात येतो आणि विरून जातो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणि घराचा उतारा घेऊन यावं. त्यावर कोणाचं नाव आहे, ते आपण मोठ्यानं वाचू. बोलणं तिथून सुरू करू.