विलग संगणक-समूहांचे खर्चमापन

विलग संगणक-समूहांचे खर्चमापन म्हणजे इंटरनेटशी मुद्दाम न जोडलेल्या संगणक-समूहात कोणत्या विभागाने किती साधने वापरली व त्यांचे मूल्य किती झाले, याचा हिशेब ठेवण्याची पद्धत होय. अनेक संगणक जोडून त्यांच्याकडून एकत्रित काम करून घेणाऱ्या अशा समूहास क्लस्टर असे म्हणतात. गोपनीय माहिती हाताळणाऱ्या संस्था सुरक्षिततेसाठी आपले क्लस्टर बाह्य जाळ्यापासून अलग ठेवतात.

पार्श्वभूमी

क्लाउड सेवेत संगणक विकत न घेता वापराच्या प्रमाणात भाडे द्यावे लागते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी सेवाकेंद्रे सुरू केली. सेवेचे दर केंद्रानुसार वेगवेगळे असतात व वेळोवेळी बदलतात. एकच यंत्र अनेक विभाग वापरत असल्यास केवळ मासिक बिलावरून प्रत्येकाचा वाटा कळत नाही. हा वाटा काढण्यासाठी ओपनकॉस्ट ही मुक्तस्रोत प्रणाली वापरली जाते. क्यूबरनेटीजवर चालणाऱ्या क्लस्टरसाठी ती तयार करण्यात आली असून जून २०२२ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने ती स्वीकारली.

कार्यपद्धती

खर्च हा वापर आणि दर यांचा गुणाकार असतो. वापराची नोंद क्लस्टरच्या आतच होते. प्रोमीथियस ही प्रणाली प्रोसेसर, स्मृती व साठवण यांची मोजमापे गोळा करते. एखाद्या कामासाठी राखून ठेवलेले आणि प्रत्यक्ष वापरलेले साधन यांपैकी जे अधिक, ते हिशेबात धरले जाते. दर मात्र एरवी सेवादात्याकडून इंटरनेटद्वारे मिळतात. विलग क्लस्टरमध्ये तो मार्ग बंद असल्याने दरपत्रक सीएसव्ही फाइलच्या रूपात बाहेर तयार करून, तपासणीनंतर आत न्यावे लागते. खर्चमापनाची प्रणालीही याच मार्गाने आणून अंतर्गत भांडारात ठेवली जाते.

स्वमालकीची यंत्रे

यंत्रे संस्थेच्या मालकीची असल्यास दर स्वतः ठरवावा लागतो. समजा, ८,७६,००० रुपयांचे यंत्र ५ वर्षे, म्हणजे ४३,८०० तास चालणार आहे; तर त्याची किंमत ताशी २० रुपये पडते. त्यास ताशी अर्धा युनिट वीज लागली व युनिटचा दर ८ रुपये असला, तर ४ रुपये वाढून ताशी दर २४ रुपये होतो. दोन विभागांनी यंत्राचा प्रत्येकी चौथा हिस्सा वापरल्यास प्रत्येकाच्या नावे ताशी ६ रुपये पडतात. उरलेले १२ रुपये निष्क्रिय क्षमतेचे असतात. ते विभागांत वाटायचे की संस्थेने सोसायचे, हा निर्णय प्रणालीचा नसून संस्थेचा असतो.

मर्यादा

दरपत्रक जुने झाले तरी प्रणाली चालूच राहते आणि आकडे अचूक असल्यासारखे दिसतात. दरपत्रकच न दिल्यास ती अंगभूत दर वापरते. त्या दरांचा स्थानिक खर्चाशी संबंध असेलच असे नाही. सेवादात्याच्या प्रत्यक्ष बिलाशी आपोआप ताळमेळ घालता येत नसल्याने करारातील सवलतीही सुटून जातात. अशा चुकीच्या आकड्यांवर अंदाजपत्रक बेतल्यास एका विभागाचा भार दुसऱ्यावर पडतो. म्हणून दरपत्रकावर दिनांक, सेवाकेंद्र व चलन नोंदवणे, ठरावीक मुदतीने ते बदलणे आणि महिन्याचा हिशेब बिलाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

हेही पहा

* क्लाउड संगणन
* क्यूबरनेटीज
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर