मुक्ताची शाळा आणि कॉन्व्हेंट
करमाळ्याच्या मित्रांनो, कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्या माणसांवर अजून दडपण येतं. तेव्हा जरा इतिहास तपासू.

पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक धर्मभगिनींनी 1895 साली काढलं. मुलींची शाळा, माध्यम इंग्रजी, राहणं-खाणं तिथंच. आज अभ्यासक्रम आयसीएसईचा. थंड हवेची पाचगणी वसवलीच गोऱ्या साहेबांसाठी. महारामांगाची पोर तिथं कशी पोचणार?

पण त्याच्या 40 वर्षं आधी, 1855 साली, पुण्यात जोतीबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या 14 वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आमचा धर्म कोणता, हा सवाल तिनं उघड टाकला. छापला ‘ज्ञानोदय’नं. पत्र अमेरिकन मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पेटली ती मुक्ता, तिच्या स्वतःच्या अनुभवानं.

पुढे 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतीबांनी हिशेबच मांडला: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानं, शिक्षण मात्र लाटतात वरचे.

म्हणून कोणत्याही शाळेचा दर्जा ठरवताना निकालाचा टक्का बघाच, पण हजेरीपटही मागा. आपल्या वस्तीतल्या पोरी त्यात किती, ते मोजा.