नाणेघाटाचा रांजण आणि बरोसाची बाटली

मागच्या रविवारी नाणेघाटात जकातीच्या रांजणामागे एक रिकामी बाटली सापडली. आमच्या घाटघरला बाटल्यांचं काही नवल नाही. पावसाळ्यातले चार शनिवार-रविवार गेले की पोती भरतात. पण ही बिअरची नव्हती. जाड काचेची, बुडाशी खोल खळगा असलेली, लेबलवर ‘शिराझ’ आणि खाली ‘बरोसा व्हॅली, साउथ ऑस्ट्रेलिया’. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, आता आपल्या घाटात ऑस्ट्रेलियाची पण यायला लागली."

मी म्हटलं, परदेशी वाइन या वाटेला नवीन नाही रे, दोन हजार वर्षांचा व्यवहार आहे. तो हसला. त्याला तिथे जे सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आणि आधीच सांगतो, ही दारूची जाहिरात नाही. आमचं घर माळकरी आहे. पण तालुका द्राक्षाचा आहे, म्हणून हा विषय आपला आहे.

नाणेघाट म्हणजे कल्याणच्या बंदरातून वर देशावर चढायची वाट. खाली वैशाखरे, वर घाटघर, पुढे जुन्नर आणि तिथून पैठण. घाटाच्या तोंडाशी गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्यात यज्ञ आणि दक्षिणा मोजून सांगितल्यात, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. २४,४०० हा आकडा त्या ब्राह्मी लेखात आजही वाचता येतो. समोर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर नावं उरलीत आणि खाली फक्त पाय. आणि वाटेवर तो दगडी रांजण. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

आता या वाटेने काय जायचं? इथे एक ग्रीक पुस्तक कामाला येतं, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कुणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेलं, नाव ठाऊक नाही. एका अर्थी ती बाजारभावाची वही आहे. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, कुठे वाळूचे दांडे आहेत. भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालाची यादी तो देतो, आणि त्यात वाइन पहिली. इटलीची जास्त चालते, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्यानंतर तांबं, कथील, शिसं, पोवळं वगैरे. आणि मग तो राजासाठीचा माल वेगळा सांगतो: चांदीची भांडी, गाणारी मुलं, दासी, भारी कापड आणि उंची वाइन. म्हणजे बाजाराची वाइन वेगळी आणि राजाची वेगळी. आज दुकानात ‘प्रीमियम’ म्हणून वेगळं कपाट असतं, ते काही गोऱ्यांनी परवा काढलेलं खूळ नाही.

ही वाइन अँफोरा नावाच्या दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या घड्यातून यायची. एका घड्यात साधारण २६ लिटर, आतून राळ फासलेली, म्हणजे झिरपू नये. घारापुरी, नेवासे, तेर इथे अशा घड्यांची खापरं सापडलीत. (थोडं थांबा. पूर्वी ज्यांना सरसकट रोमन म्हटलं गेलं त्यातली बरीच खापरं नंतर मेसोपोटेमियाकडच्या दुसऱ्याच घड्यांची निघाली. तेव्हा ‘आमच्या गावात रोमन दारू सापडली’ असं दिसलं की लगेच फॉरवर्ड करू नका.) आणि आपल्या जुन्नरच्या लेण्यांत तर यवन दात्यांचे लेखच आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिट नावाच्याने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. ती माणसं इथे आली, राहिली, कमावलं आणि इथे खर्चही केलं.

पेरिप्लसमधली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कल्याणबद्दल तो म्हणतो की थोरल्या सारगनाच्या काळात ते रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण पुढे सँडनेस आला आणि तिथे अडवणूक सुरू झाली. चुकून ग्रीक जहाज तिथे आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे आपला घाट तोच, रांजण तोच, पण खालचं बंदर बंद. सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणात माल गेला भडोचला आणि नाणेघाटाच्या रांजणात खडखडाट. माल कसा आहे यापेक्षा नाकं कुणाच्या हातात आहे, यावर भाव ठरतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एकदम अलीकडे येऊ. घाटघरहून जुन्नर, तिथून नारायणगाव. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात वाइनचा कारखाना काढला. फ्रान्सच्या तंत्रज्ञांची मदत घेऊन त्यांनी इथे फसफसणारी, शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन केली. तेव्हा नाशिकला ‘वाइन कॅपिटल’ वगैरे कुणी म्हणत नव्हतं. आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावातली बाटली ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली गेली. लहानपणी एसटीच्या खिडकीतून ‘शॅटो इंडाज’ ही पाटी दिसायची आणि ‘शॅटो’ म्हणजे काय, हे गाडीत कुणालाच सांगता यायचं नाही. किल्ल्यासारखी हवेली असा त्याचा अर्थ. शिवनेरीच्या तालुक्यात परका किल्ला, असं आता वाटतं.

ऑस्ट्रेलियाचा संबंध इथे येतो. पैसेवाला माणूस ऑस्ट्रेलियाच्या बाटल्या विकत घेतो. आपल्या नारायणगावच्या कंपनीने बाटल्या नाही, ऑस्ट्रेलियातल्या वायनरीच घ्यायला सुरुवात केली. २००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत टँडू आणि बरोसा खोऱ्यातली व्हाइनक्रेस्ट, अशा खरेद्या झाल्या. शेअर बाजार खूश, पेपरात फोटो. आणि मग २००८. जगभर मंदी, त्यात नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला. हॉटेलं ओस पडली, आणि आपल्याकडे वाइन मुख्यतः हॉटेलातच खपायची. ऑस्ट्रेलियात तर त्या वेळी द्राक्षं आणि वाइन दोन्ही गरजेपेक्षा जास्त होऊन पडून होती. डोक्यावर कर्ज, हातात न खपणारा माल. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी गुंडाळायचा आदेश झाला. त्याच मंदीत महाराष्ट्रात अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा उपटल्या. कारण साधं आहे. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. वायनरीने घेतली नाहीत तर हातगाडीवर कुणी विचारत नाही. थॉमसन किंवा जंबो असेल तर निदान मार्केट यार्डात काहीतरी भाव मिळतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो.

चौगुल्यांना शिव्या घालायला हे लिहीत नाही. त्यांनी वीस वर्षं आधी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. पण ज्या खोऱ्यात ते गेले, ते खोरं नीट समजून घ्यायला हवं.

बरोसात शिराझच्या काही वेली १८४०च्या दशकातल्या आहेत आणि आजही फळ देतात. युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने साफ केल्या. साउथ ऑस्ट्रेलियात ती कीड कधी शिरलीच नाही. म्हणून जगातल्या सगळ्यात जुन्या फळत्या शिराझ वेलींपैकी काही तिथे आहेत, आणि अशा जुन्या वेलींची बाटली लोक जपून ठेवतात. सगळ्यात मोठं नाव पेनफोल्ड्सच्या ग्रेंजचं. मॅक्स शुबर्टने १९५१मध्ये पहिल्यांदा केली, आणि चाखणाऱ्यांनी नावं ठेवली. १९५७मध्ये कंपनीने हुकूम काढला, हे बंद करा. याने तीन वर्षं तळघरात लपून करत ठेवली. १९६०मध्ये कंपनीलाच पटलं. आज १९५१ची बाटली लिलावात दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली आहे. आणि त्या चोरून केलेल्या तीन वर्षांतली एक, १९५९ची, २०१४मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मुख्यमंत्र्यांना भोवली. बॅरी ओ’फॅरेल. भेट आलेली तीन हजार डॉलरची बाटली त्यांनी जाहीर केली नव्हती. चौकशीत ‘मला आठवत नाही’ म्हणाले, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अक्षरातली आभाराची चिठ्ठी निघाली, आणि त्यांनी राजीनामा दिला. एका बाटलीसाठी! आपल्याकडे काय काय पचतं ते तुम्हाला माहीत आहे, मी बोलत नाही.

आपली माणसंही आता अशा बाटल्या जमवतात. मेलबर्न-सिडनीला असलेली पोरं सुट्टीला येताना बॅगेत दोन आणतात, कारण विमानतळावर माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. पुण्यात काही जण वाइनसाठी वेगळा फ्रिज ठेवतात. ते ठेवायलाच हवं, नाहीतर आपल्या एप्रिलच्या उन्हात कपाटातली ग्रेंज दोन उन्हाळ्यांत व्हिनेगरच्या वाटेला लागेल. आणि ही गुंतवणूक आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिकडे लिलाव होतो, म्हणून बाटलीला भाव चढतो. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. प्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, आणि विकायच्या लायसन्सशिवाय घरातली एक बाटली विकली तरी गुन्हा आहे. घ्यायची ती प्यायलाच.

आता रांजणाकडे परत. बाहेरच्या वाइनवर आपल्याकडे १५० टक्के आयात शुल्क होतं. चीनने २०२१मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर दोनशे टक्क्यांच्या वर शुल्क लावलं, तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि ती नवीन दारं ठोठवायला लागली. (चीनने ते २०२४मध्ये काढलं.) एप्रिल २०२२मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया करार झाला, २९ डिसेंबर २०२२पासून लागू. त्यात वाइनचं कलम असं: बंदरात उतरताना बाटलीची किंमत पाच डॉलरच्या खाली असेल तर सवलत नाही. पाचच्या वर असेल तर शुल्क लगेच १००, आणि दहा वर्षांत उतरत ५० टक्के. पंधराच्या वर असेल तर लगेच ७५, आणि दहा वर्षांत २५.

सरकार म्हणालं, स्वस्त माल अडवला, शेतकरी वाचला. वर वर बघता खरं आहे, आणि अजिबात रेषा नसण्यापेक्षा ही रेषा बरीच. पण वही काढून हिशेब करा. साडेचार डॉलरची बाटली १५० टक्क्यांनी सव्वाअकराला पडते, आजही आणि दहा वर्षांनीही. सहा डॉलरची आधी पंधराला पडायची. शुल्क १०० झाल्यावर बाराला, आणि ५० होईल तेव्हा नऊला. म्हणजे चांगली बाटली हलक्या बाटलीपेक्षा स्वस्त! मग साडेचारची कोण आणेल? डॉलर ८५ रुपये धरला तर नऊ डॉलर म्हणजे ७६५ रुपये. राज्याचे कर आणि दुकानदाराचा नफा वेगळा, तरी ती येऊन बसणार हजार-दीड हजाराच्या कपाटात. आणि त्याच कपाटात महाराष्ट्राची चांगली वाइन बसते, जिच्यासाठी शेतकऱ्याला चांगल्या द्राक्षाला चांगला भाव मिळतो. राजाच्या वाइनला सूट दिली तर आपल्याला त्रास नाही, चाळीस डॉलरची बाटली आपली गिऱ्हाइकं पळवत नाही. धोका सहा डॉलरच्या बाटलीचा आहे. ही रेषा पाचऐवजी आठ-नऊवर हवी होती, असं माझं मत आहे. कुणाचं वेगळं असेल तर आकडे घेऊन या, नुसतं ‘विकासाला विरोध’ म्हणू नका.

आणि राज्यात आपण कशावर भांडलो? जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपर मार्केटात वाइन ठेवायला परवानगी दिली, तर महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’ होणार म्हणून गदारोळ. अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बासनात. दोनच महिन्यांनी दिल्लीत पाच डॉलरची रेषा ओढली गेली. तिच्यावर आपल्या एकाही ग्रुपमध्ये मेसेज आल्याचं मला आठवत नाही.

काल रात्री हा हिशेब नारायणगावच्या एका मित्राला फोनवर वाचून दाखवला. त्याच्याकडे दोन एकर शिराझ होती, आता जंबो आहे. त्याने एकच विचारलं, "पाच डॉलर म्हणजे दुकानातले का बंदरातले?"

"बंदरातले," मी म्हटलं.

"मग बिल कोण तपासतं?"

मी म्हटलं, कस्टमवाले. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, खरड छाटणीला माणसं मिळत नाहीत, तुमच्या घाटघरकडून आठ-दहा जणं येतील का बघ.