महिकोमधील मोन्सॅन्टोचा हिस्सा

महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) या जालना येथील बियाणे कंपनीचे २६ टक्के भाग मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने १९९८ साली विकत घेतले. दोन दशकांनंतर ते विकून टाकण्याची अट भारतीय स्पर्धा आयोगाने घातली. परदेशी कंपनीच्या भागखरेदीत यजमान देशाचे कायदे आणि धोरणातील सातत्य कसे निर्णायक ठरते, याचे मराठवाड्यातील हे ठळक उदाहरण होय.

भागखरेदी

महिकोची स्थापना बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये केली. १९८८ चे बियाणेविषयक धोरण आणि १९९१ चे उदारीकरण यांनंतर या क्षेत्रात परदेशी भांडवलाचा मार्ग मोकळा झाला. २६ हा आकडा सहज आलेला दिसत नाही. कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावास तीन-चतुर्थांश मते लागतात. म्हणून पाव भागाहून अधिक हिस्सा बाळगणाऱ्यास कंपनीवर ताबा नसतानाही असा ठराव रोखता येतो. पुढे दोघांनी समान भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी चालवली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि इतर बियाणे कंपन्यांकडून प्रत्येक पाकिटामागे गुणधर्म शुल्क मिळू लागले.

बायरचे अधिग्रहण

२०१६ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सॅन्टो सुमारे ६६ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. दोन्ही कंपन्या परदेशी असल्या तरी स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३२ मुळे भारतातील बाजारावर परिणाम करणारा व्यवहार आयोगाच्या कक्षेत येतो. २०१८ मध्ये मंजुरी देताना आयोगाने महिकोमधील हिस्सा विकण्याची, तसेच जनुकीय गुणधर्मांचे परवाने इतर कंपन्यांनाही भेदभाव न करता देण्याची अट घातली. जालन्यातील एका कंपनीचे भाग अशा रीतीने दोन खंडांतील सौद्याशी बांधले गेले.

धोरणातील अनिश्चितता

येथे प्रश्न सरकार टिकण्याचा नव्हता. नियम टिकण्याचा होता. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली देशभर दर ठरवण्याचा आदेश काढला आणि २०१६ च्या हंगामासाठी शुल्क सुमारे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणले. त्याच वर्षी मोन्सॅन्टोने तणनाशक-सहनशील नव्या कापूस वाणाचा अर्ज मागे घेतला. बीटीचे पेटंट दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निर्णय बाजूला सारला.

गुंतवणूकदाराला जी अनिश्चितता वाटते, ती परतूर किंवा मंठा तालुक्यातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने बियाण्याच्या खर्चाला घातलेला लगाम असते. २०२० मध्ये शुल्क शून्यावर आले. ४५० ग्रॅमच्या बोलगार्ड-२ पाकिटाची कमाल किंमत मात्र आदल्या वर्षीप्रमाणे ७३० रुपयेच राहिली.