चीनचे कानोले

आपल्या कानोल्यासारखा एक पदार्थ चीनमध्ये उकडून, गरम रश्शातही खातात. नाव जियाओझी.

तिथली आख्यायिका अशी. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीत, चांग चोंगचिंग नावाचे वैद्य होते. कडाक्याच्या थंडीत गरिबांचे कान फुटलेले पाहून त्यांनी मटण आणि औषधी कणकेच्या पारीत भरून कानाचा आकार दिला, रश्शासकट वाटलं. वैद्य खरे, त्यांचा ग्रंथही आहे. कानोल्यांची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडची. खरा पुरावा तुर्फानजवळच्या अस्तानाच्या थडग्यांत मिळाला. थांग काळातले, म्हणजे हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचे जियाओझी तिथे वाळून टिकले होते.

उत्तर चीनमध्ये आजही नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर मिळून ते वळतं. एखाद्यात नाणं लपवतात. ज्याला मिळेल तो भाग्यवान.

आम्हीही करतो. मळलेली कणीक अर्धा तास झाकायची, पातळ पारीत कोबी-गाजर भरायचं, कडा पाण्याने चिकटवायच्या. उकळत्या पाण्यात वर तरंगून आतलं सारण शिजलं, की भाज्यांच्या रश्शात घालायचे.

वैद्याचं नाव राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या पाऱ्या लाटणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. म्हणून आम्ही ठरवलंय, गटाच्या वहीत प्रत्येक पदार्थापुढे तो शिकवणारीचं नाव लिहायचं. तुम्हीही लिहा.